बिनउंबरठ्याची न्हाणी

शॉवर पहिल्यांदा सुरू केला त्या दिवशी घरात आम्ही पाच जण होतो. मी, आमचे मालक, पोरगा, सून आन फरशीवाला मिस्त्री.

मालकाले दोन वर्षांआधी लकवा मारला. डावं अंग गेलं. हिंगण्याच्या कंपनीत तीस वर्षं पाळ्या केलेला माणूस, आता भिंत धरून चालते. घर आमचं जुनं. न्हाणीले वीतभर उंच उंबरठा, तो त्यांच्यानं ओलांडला जाये नाही. मग एका बाजूनं मी आन दुसऱ्या बाजूनं सून, असं उचलून आत न्यायचो. सून चांगली आहे, कधी तोंड वाकडं केलं नाही. पण तिनं हात लावला का हे डोळे मिटून घेत. मग म्हणायले लागले, "आज राहू दे वं, आंघोळ नाही करत." आठ आठ दिवस नुसतं अंग पुसणं चाले.

एक डाव आम्ही दोघं उंबरठ्यावर पडलो. माह्या टोंगळ्याले, गुडघ्याच्या वाटीले लागलं, ते अजून दुखते. हे छताकडं पाहत पडून राहिले. तवा मी समजली, यांले एकट्यानं दार लावून आंघोळ करता आली पाहिजे. बाकी काही नाही.

पोरगा म्हणे, "माय, उंबरठाच तोडून टाकू. चालत आत जायचं, वरून शॉवर."

दुकानात सुनेले काचेचा पडदा आवडला. मी म्हणलं, "तोल गेला तर हे काच धरतीन काय?" टाइल पाहताना दुकानदाराले म्हणलं, "यावर पाणी टाक गा." चप्पल काढून पाय घासून पाह्यला. घसरली ती सोडली, खरबरीत घेतली.

मिस्त्रीनं दहा दिवस काम केलं. उंबरठा तोडला, पाण्याले कोपऱ्यातल्या जाळीकडं उतार काढला, भिंतीले स्टीलचा दांडा ठोकला. नळाची चावी शॉवरच्या खालीच बसवली. सकाळी पाणी सोडून दाखवलं. सगळं बरोबर.

मे महिना होता. दुपारी मिस्त्री अंगणात अवजारं आवरून राहिला होता, सून सैपाकघरात, पोरगा आन मी न्हाणीच्या दाराशी. मालक म्हणाले, "मी जातो." पंचा गुंडाळून दांडा धरत धरत आत गेले, स्टुलावर बसले, उजव्या हातानं चावी फिरवली. पाणी डाव्या खांद्यावर पडलं.

"हं," म्हणे, "चांगलं आहे."

उडालेले थेंब माह्या पायावर आले तवा मले चटका बसला.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी. नागपुरात मे महिन्यात दुपारी ते चुलीवरून उतरवल्यासारखं राहते. हे काय मले माहीत नव्हतं? सारी जिंदगी सकाळीच बादल्या भरून ठेवल्या. पण बादलीत माणूस पहिले हात घालते. शॉवरमधी पहिले अंगच जाते, हे आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मी धावली, चावी बंद केली. त्यांचा खांदा लाल झाला होता.

"काय झालं वं?" ते मलेच विचारून राहिले. डाव्या अंगाले कळलंच नव्हतं.

फोड आले. मलम लावून लावून वाळले. पण हे आता न्हाणीकडं पाहतच नव्हते. म्हणे, "मले पुसूनच देत जा. सुनेले नको लावू, तूच पुस."

मी मिस्त्रीले बोलावलं. म्हणलं, "चावी इथून काढ, दाराजवळ लाव. आन खाली एक तोटी दे, पहिलं पाणी बादलीत काढायले."

"आजी, कोरी टाइल फोडू? सगळीकडं शॉवरखालीच लावतो आम्ही."

"लावत असशील गा. तिथले लोकं चटका बसला का बोंबलत असतीन. हे बोंबलत नाही."

खाटेवरून मालक म्हणाले, "फोड बाप्पा. नाहीतर हीच हातोडा घेईन." लय दिवसांनी बोलले तसे.

चावी दाराजवळ आली. फुटलेल्या जागी दुसऱ्या रंगाची टाइल लागली, कारण तशी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी हे आत गेले. तोटीचं पाणी बादलीत घेतलं, उजवा हात घालून पाह्यला, आन दार लावून घेतलं. मी बाहेर बसली. पाण्याचा आवाज येऊन राहिला होता. अर्धा घंटा झाला. पोरगा म्हणे, "माय, पाहू काय?"

"खाली बस," म्हणलं.

मग दार उघडलं, हे आपले आपण बाहेर आले. कानामागं साबण तसाच होता. मी तो तसाच राहू दिला.

हे वाचणाऱ्यानं एक करावं. घरात असं काम काढलं तर चावी पाण्याच्या बाहेर लावा. आन ज्याच्यासाठी काम काढलं, त्याले टाइल लागायच्या आधी भर दुपारी तिथं बसवून पाहा. पाण्यात पहिले आपला हात घाला.