ताईच्या एक्स-रेचे पंख

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासत बसणारी ही बाई तशी कुणाच्या अध्यात ना मध्यात. वय पंचेचाळीस, पण घरात नाव अजून धाकटी. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि ताई एकवीसची. ताईनं तिच्या वेण्या घातल्या, तिचा अभ्यास घेतला, कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये छत्तीस वर्षं फायली सांभाळल्या, आणि या सगळ्यात स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं. आता ताई निवृत्त होती आणि घरात दोघीच.

धाकटीला नाद एकच, कॉस्प्लेचा. म्हणजे गोष्टीतल्या नाहीतर खेळातल्या एखाद्या पात्राचा पोशाख आपल्या हातानं करायचा, अंगावर चढवायचा आणि मेळाव्यात मिरवायचं. "या वयात ही थेरं!" म्हणून ताई नाक मुरडायची, पण सुईत दोरा ओवून तीच द्यायची. यंदा धाकटीनं पात्रही स्वतःच्याच डोक्यातून काढलं होतं. काजव्यांचा सेनापती.

सामान जमवताना ती कुणाच्या काडीलाही विचारल्याशिवाय हात लावायची नाही. बंद पडलेल्या व्यायामशाळेतल्या फोमच्या चटया मालकाला विचारून आणल्या, गरम करून वाकवल्या, त्यांचं चिलखत झालं. दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून एलईडी पट्ट्यांचे उरलेसुरले तुकडे मागून आणले. नव्या फ्रेमला नुसत्या दिखाव्याला बसवलेल्या प्लॅस्टिकच्या काचा दुकानात रोज कचऱ्यात जायच्या. त्या मालकाच्या परवानगीनं गोळा करून तिनं काजव्याचे डोळे केले. घोडं अडलं ते पंखांवर. पातळ प्लॅस्टिक लोंबायचं, जाड तडकायचं.

"जुने एक्स-रे असतील तर बघा," पाटीवाला म्हणाला. "ब्लीचच्या पाण्यात बुडवले की वरचं काळं सगळं निघून जातं. खाली निळसर फिल्म राहते. वाकते, पण मोडत नाही."

आता एक्स-रे घरातच होते. वीस वर्षांपूर्वी ताईला टीबी झाला होता, तेव्हाचे दोन, ताईच्या कपाटात अगदी वरच्या फळीवर. ताई भाजीला गेली होती. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तर तिनं विचारलं नाही! बरा झालेला आजार, आता कोण बघतंय, असं मनाशी म्हणत तिनं दोन्ही फिल्म बादलीत बुडवल्या. थोड्या वेळानं फडक्यानं पुसल्या तशा ताईच्या फासळ्या एकेक करून निघून गेल्या. रिकामं पाकीट तिनं रद्दीत घातलं, तेही तळाशी. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

पंख मात्र असे झाले की बघत राहावं. शिरांवरून एलईडीच्या पट्ट्या फिरवल्या, उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून वर ट्रेसिंग पेपर चिकटवला, तारा पाठीवरून खाली आणून कमरेच्या बॅटरीला जोडल्या आणि बटण हातमोज्यात अंगठ्याखाली लपवलं. पहिल्यांदा दिवे लागले तेव्हा ताई टाळ्या वाजवत म्हणाली, "अगं, हे प्लॅस्टिक कुठून आणलंस? किती छान निळं आहे!"

"मिळालं एकाकडून," धाकटी म्हणाली.

तीन आठवड्यांनी ताईचा खोकला थांबेना म्हणून दोघी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडावर धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "इथे डाग दिसतोय. जुन्या टीबीचा असेल तर काळजीचं कारण नाही. पण जुना एक्स-रे शेजारी ठेवून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आहे का?"

"आहे तर!" ताई ऐटीत म्हणाली. "माझ्याकडचा कागद हरवत नसतो, डॉक्टर."

"मग दहा दिवसांत आणा. नाहीतर सुई घालून आतला तुकडा काढून तपासावा लागेल."

रस्त्यात तीनदा धाकटीनं तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. घरी पोचताच ताई स्टुलावर चढली आणि धाकटी खाली स्टूल धरून उभी राहिली. हो, उभी राहिली! जे कधीच सापडणार नव्हतं ते बहीण शोधत होती आणि ही खालून विचारत होती, "मागे बघितलंस का?" स्वतःच्या तोंडून ते शब्द ऐकून तिला स्वतःचीच किळस आली.

ताईनं कपाट उपसलं, मग ट्रंका, मग गाद्यांखालची जागा. रोज सकाळी उठून पुन्हा तेच कपाट. "कागदाला काय पाय फुटतात? मीच कुठेतरी ठेवलाय," ती पुटपुटायची. धाकटी मनाशी घोकायची, रविवारी स्पर्धा आहे, ती झाली की सांगते. रविवार आला. पंख उजळले, लोकांनी फोटो काढले, दुसरा नंबर आला. मंचाच्या पायऱ्या उतरताना तिला वाटलं, हे सगळे माझ्या बहिणीच्या छातीकडे बघताहेत आणि त्यांना ते माहीत नाही. घरी आली तर ताई चहाचं आधण ठेवून वाट बघत होती. "दुसरा! अगं, शाब्बास!" आता या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

नाहीच सांगितलं. दहा दिवस संपले, ताईला सुई टोचली. धाकटी बाहेर बाकावर बसून होती. आतून एकदाच बारीकसा आवाज आला, तेव्हा तिनं आपलाच हात करकचून चावला. आठवड्यानं निकाल आला. डाग जुनाच होता, घाबरण्यासारखं काही नव्हतं. धाकटीनं सुटकेचा निःश्वास टाकला. आता कशाला जुनं उकरायचं, असंही तिच्या मनात आलं. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची जात ती!

पण ताई बरी झाली नाही. म्हणजे खोकला गेला, ताई मात्र पहिली राहिली नाही. शेगडीशेजारी चिठ्ठी लागली, "गॅस बंद केला का?" दाराला दुसरी लागली, "किल्ली घेतली का?" दुकानातून सुटे पैसे घेताना ती आता दोनदा मोजायची आणि तरी धाकटीला म्हणायची, "तू बघ गं एकदा." एक दिवस तिनं बँकेची पुस्तकं, घराचे कागद, सगळं धाकटीच्या मांडीवर आणून ठेवलं. "तुझ्याकडे राहू दे. माझ्यावर आता भरवसा नाही."

"असं काय बोलतेस, ताई! एक पाकीट तर हरवलं."

"एकच कळलं. न कळलेली किती असतील?"

दोन महिने हे चाललं. मग एका दुपारी धाकटी जेवायला घरी आली तेव्हा ताई खिडकीशी नुसती बसून होती. तिनं वर न बघता सांगितलं, "विसराळूपणाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. गुरुवारी. येशील का गं बरोबर? एकटीला भीती वाटते मला."

सुईला न घाबरलेली ताई! धाकटी पिशवी खाली ठेवून तिच्यासमोर आली.

"ताई, तू काही विसरली नाहीस. एक्स-रे मी घेतले. पंखांसाठी. ब्लीचमध्ये धुतले आणि पाकीट रद्दीत घातलं. तू शोधत होतीस तेव्हाही मला माहीत होतं."

ताईनं मान वर केली. तिला नीट कळलं नसावं. "म्हणजे पाकीट वरच्या फळीवर होतं?"

"हो."

"मी ठेवलं होतं तिथेच?"

"तिथेच, ताई."

ताईनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. सुई टोचली तेव्हा रडली नव्हती, टीबीतही नव्हती. धाकटी पायाशी बसली, पाय धरू गेली, तर ताईनं पाय मागे घेतले. मग डोळे पुसून ती उठली, फोनजवळ गेली, नंबर न बघता फिरवला आणि गुरुवारची वेळ रद्द केली. शेगडीजवळची चिठ्ठी तिनं टरकन फाडली.

"ताई, बोल ना गं काहीतरी. मार मला."

ताईनं चिठ्ठीचे तुकडे केराच्या डब्यात टाकले.

"तुझा दुसरा नंबर आला होता ना?" ती म्हणाली. "पहिल्या नंबरवालीनं कुणाचं काय धुऊन काढलं होतं, विचारलंस का?"

आणि ती आत जाऊन धाकटीचं पान वाढायला लागली.