अंग मागे टाकताना

मेणाने घासलेल्या लाकडी जमिनीचा आणि खुंट्यांवर टांगलेल्या दमट लोकरी कोटांचा मिळून एक उबट वास त्या सभागृहाला होता, आणि तिथल्या लवकर विझणाऱ्या संध्याकाळी तो आला की मला, का कोण जाणे, निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत साठून राहणाऱ्या कोऱ्या कापडाच्या वासाची आठवण होई. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. शिष्यवृत्तीवर जर्मन शिकायला मी भिवंडीहून जर्मनीतल्या एका नदीकाठच्या गावी आले होते, आणि तोंडातून एक वाक्य धड फुटत नव्हतं. अष्टौप्रहर मागांच्या खडखडाटात वाढलेल्या मला तिथली शांतता खायला उठे. भीड मोडायची तर माणसांत जा, असं म्हणून आमच्या शिक्षिकेनेच मला नवशिक्यांच्या नृत्यवर्गात धाडलं.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. नृत्य शिकवणाऱ्या हेल्गाबाईंनी जोडीदाराला हात द्यायला सांगितलं, आणि मी पांढऱ्या मिशांच्या एका आजोबांपुढे हातांची अढी घालून उभी राहिले, त्यांच्या चवड्यांना चवडे भिडवले आणि खुशाल अंग मागे झोकून दिलं. हात हातात आले की फुगडी, एवढंच माझ्या देहाला ठाऊक. आजोबा कोलमडता कोलमडता वाचले. सगळे हसले, मीही हसले. हेल्गाबाई मात्र जवळ आल्या आणि माझ्या पाठीवर तळवा ठेवून, मला कळेल अशा सावकाश शब्दांत म्हणाल्या, "इथे हात द्यायचा, भार नाही. आपला तोल आपण सांभाळायचा."

आईने मला नेमकं उलटं शिकवलं होतं. गल्लीत तिच्या फुगडीला तोड नव्हती. परकराचा ओचा खोचून मी भीतभीत उभी राहिले की ती म्हणे, "टाक अंग मागे, घाबरतेस काय! मी धरलंय ना." दोघींपैकी एकीने जरी अंग आखडलं तरी फुगडीला वेग येत नाही, हे मला अक्षरओळखीच्याही आधी कळलं होतं.

मग बाबा गेले. पुढच्या गौरींना आई नेहमीसारखी शेजारी गेली. बायका जोड्या जमवत होत्या. तिला कुणी मज्जाव केला नाही, शेजारच्या काकू फक्त अतिशय मायेने म्हणाल्या, "तुम्ही बसा हो वहिनी, दमला असाल." आई बसली. ती बसली ती बसलीच. त्यानंतर दर गौरींना इतरांची पेंगुळलेली मुलं आणि उतरवून ठेवलेली घड्याळं तिच्या ओटीत जमू लागली. त्या मायेचा मला अजूनही राग येतो.

हेल्गाबाईही विधवाच होत्या. नवऱ्याची अंगठी साखळीत ओवून त्या गळ्यात घालत, आणि गिरकी घेतली की ती अंगठी दिव्याच्या पिवळ्या उजेडात चमकून जाई. त्यांच्याकडे बघताना माझी पावलं चुकत. एकदा तर कोटांच्या आडोशाला जाऊन मी रडले. परत गेल्यावर आईला एकदा, निदान एकदा, खेळवायचंच, हे मी तिथेच ठरवलं.

परतले ती भाद्रपदात. गौरी नुकत्याच गेल्या होत्या. एका दुपारी वीज गेली, गल्लीतले सगळे माग एकदम थांबले आणि कौलातल्या कवडशात तरंगणारे कापसाचे तंतूसुद्धा जरा स्थिरावल्यासारखे वाटले. आई अळूची पानं पुसत बसली होती. मी दाराला कडी घातली आणि तिच्यापुढे हातांची अढी धरली.

"वेड लागलंय का तुला? कोणी बघेल."

"कोण बघतंय? ऊठ ना."

तिने पदराला हात पुसले, आणि इतक्या वर्षांनंतरही, क्षणभर विचार न करता, तिचे हात बरोबर अढी घालून माझ्या हातांत आले. चवडे जुळले. आम्ही फिरू लागलो. तिचा अंबाडा सुटला, ती हसली, आणि मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मग जाणवलं, फुगडीला वेग येत नव्हता. मी मागे झुकले होते. आई ताठ उभी होती.

"टाक ना अंग मागे," मी म्हटलं. "मी धरलंय."

तिने प्रयत्न केला, अगदी मनापासून केला. खांदे जरासे मागे गेले, आणि ती पुन्हा सरळ झाली. "नाही गं जमत आता," सुईत दोरा जात नाही म्हणावं तितक्या सहजपणे ती म्हणाली. वीज आली, माग सुरू झाले. ती पुन्हा अळूच्या पानांपाशी जाऊन बसली.

आपला तोल आपण सांभाळायचा, हे हेल्गाबाईंच्या वर्गात मला शेवटपर्यंत नीट साधलं नाही. आईला ते कुठलाही वर्ग न लावता साधलं होतं, आणि आता मोडता येत नव्हतं. मी तिला खरोखर घट्ट धरलं होतं. तिच्या अंगाला मात्र ते खरं वाटलं नाही.