हेडाऊ सर बरोबर होते

हेडाऊ सरांना ज्यांनी काढलं, त्यांनीच आज त्यांच्या फोटोला हार घातलाय.

सर काल गेले. हार्ट अटॅक. सकाळपासून कॉलेजच्या पेजवर पोस्ट फिरतेय, 'आमचे लाडके मार्गदर्शक'.

लाडके म्हणे. डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितेय.

सर आम्हाला सी प्रोग्रामिंग शिकवायचे, तासिका तत्त्वावर. रोज कामठीहून शेअर ऑटोने यायचे, मांडीवर लॅपटॉपची बॅग.

एकदा स्क्रीनवर चित्र काढायचा प्रोग्राम होता. फंक्शनला बिंदू द्यायचा, म्हणजे दोन आकडे एकत्र बांधलेलं एक स्ट्रक्चर. मी आधी व्हेरिएबल केलं, नाव दिलं, आकडे भरले, मग ते फंक्शनला दिलं. प्रत्येक बिंदूसाठी हेच. पान भरलं.

सर म्हणाले, "काहून वं, टपरीवर चहा प्यायले घरून कप नेते का तू?"

सरांनी माझ्या भरलेल्या पानावर बोट ठेवलं.

"एकदाच लागते न तो बिंदू? मंग फंक्शनच्या कंसातच बनव अन् देऊन टाक. नाव कशाले पायजे त्याले?"

पानाच्या पाच ओळी झाल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला जमेल.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मी तसंच लिहिलं. आमच्याकडे प्रोग्राम आधी कागदावर लिहून दाखवायचा, मग मशीनवर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लाल पेनने काट मारली. "व्हेरिएबल कुठे आहे?"

लॅबमधला कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून चालवायचं सॉफ्टवेअर, माझ्याहून म्हातारा, या पद्धतीच्याही आधीचा. त्यानेही एरर दिला.

सरांनी स्वतःचा लॅपटॉप उघडून तोच प्रोग्राम चालवला. चित्र आलं.

"पाहा सर, चालून राहिलं. ही पोरगी जन्माले यायच्या आधीपासून हे भाषेच्या नियमात आहे."

परीक्षकांनी स्क्रीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरांनी मग लेखी अर्ज दिला, की उत्तर बरोबर आहे, मार्क द्या. माझ्या मार्कांसाठी.

दोन दिवसांनी आमच्या विभागाच्या प्रमुखांनी, एचओडींनी, मला केबिनमध्ये बोलावलं. कोरा कागद पुढे सरकवला.

"लिही. हेडाऊ सरांनी चुकीचं शिकवलं, म्हणून माझा गोंधळ झाला. पास व्हायचं आहे न तुले?"

मी लिहिलं. खाली सही केली.

मी पास झाले. पुढच्या सेशनला सरांना तासच दिले नाहीत. काढलं असं कुणी म्हणालं नाही, फक्त बोलावलं नाही.

आज मी एका कंपनीत सीमध्येच कोड लिहिते. ते कंसातलं स्ट्रक्चर दिवसातून दहादा लिहिते. कुणी काट मारत नाही.

मागच्या वर्षी सर बर्डीच्या बाजारात भेटले. कामठीत एका खोलीत क्लास घेत होते. मी पत्राचा विषय काढला.

"माहीत आहे वं मले. दाखवलं होतं त्यायनं. तू पास झाली न? चालते मंग."

नाही चालत, सर.

राग त्या परीक्षकाचा आहे. स्वतःला येत नाही ते सगळं त्याच्या लेखी चूक. राग एचओडींचा आहे, आजची पोस्ट त्यांनीच टाकलीय. सगळ्यात जास्त राग माझा मला आहे.

कॉलेजला टॅग करून सांगते. ते पत्र खोटं होतं. सांगणारे तुम्ही होतात, पण लिहिणारा हात माझा होता. ते मी मागे घेतेय. ही पोस्ट छापून सरांच्या फाइलला लावा.

जमत नसेल, तर फोटोवरचा हार काढा.

सर, माफी मागायला उशीर केला मी. मनापासून श्रद्धांजली.