मनात वाचायचं राहिलं

वैरागच्या स्टँडवर एसटीत बसले, तेव्हा वडील खिडकीशी उभे होते. बायांनो, तुमच्यातल्या काहीजणी होतातच की तिथं. वडील म्हणाले, "तितं शेजार भिंतीला भिंत लावून असतोय. हळू बोलत जा. तुजा आवाज लई मोठा हाय." एवढंच. पोरगी मिलमधल्या नवऱ्यामागं सोलापूरला निघालेली, आणि बापाला काळजी तिच्या आवाजाची!

सत्तर साल नुकतं उलटलं होतं. भवानी पेठेत एक खोली मिळाली. तुमच्यात होते तेव्हा मी ओढ्यावरून हाक मारली तर अख्ख्या आळीला कळायचं. इथं पहिले सहा महिने कुजबुजतच काढले. मग शेजारच्या तेलुगू बायका अंगणात बिड्या वळायला बसायच्या, त्यांच्यात जाऊन बसले. मांडीवर सूप, सुपात पानं न् तंबाखू. माझी बिडी काही धड वळेना. नरसव्वा हसली, "अक्का, ही बिडी आहे का करंजी? त्यापेक्षा तुम्ही वाचा. तुमच्या वाटच्या आम्ही वळतो."

तसंच ठरून गेलं. मी शाळेत चौथीपर्यंतच, पुढचं सगळं रद्दीतल्या पुस्तकांवर. मी मोठ्यानं धडा वाचायचा, त्यांनी हात चालवत ऐकायचा, आणि उठताना प्रत्येकीनं मूठभर बिड्या माझ्या सुपात टाकायच्या. माझा आवाज परत आला. खरं सांगू? त्या दिवशी मी सोलापूरची झाले.

नरसव्वा तिशीची, नवरा यंत्रमागावर कामाला, पदरात दोन मुली. एकदा ऐकलं की तिला पाठ. लिहायचं मी गिरवून घेतलं. बाहेरून मॅट्रिकला बसली, दुसऱ्या खेपेला पास झाली. तिला हायस्कुलात बाई व्हायचं होतं, पण कॉलेजचं नाव काढलं की विषय बदलायची. हट्ट माझा. फॉर्म मी भरला, नवऱ्याला मी समजावलं, पहिल्या दिवशी फाटकापर्यंत मीच गेले. ती आत गेली आणि मला वैरागचा स्टँड आठवला.

आधी हसत सांगायची. "अक्का, सर शिकवतात तेव्हा माझी बोटं पदरच वळत बसतात. पोरी म्हणतात, मावशी, किती झाल्या?" मग हसणं कमी झालं. पुस्तकं घरी न्यायला मिळत नव्हती, वाचनालयातच बसून वाचायची. तिथं ही आपली मोठ्यानं वाचायला लागली. तिथला माणूस ओरडला, "ओ बाई, मनात वाचा की! हे काय भजन आहे?"

अंगणात येऊन तिनं मला विचारलं, "अक्का, मनात कसं वाचायचं? मला तर काहीच ऐकू येत नाही."

इतकी वर्षं मी वाचत होते आणि ती ऐकत होती. एकटीनं, गप्प बसून पुस्तकाशी कसं भिडायचं, हे मी कधी शिकवलंच नव्हतं. माझ्या आवाजाचं मलाच इतकं कौतुक! मग घाईघाईनं तिला कोपऱ्यात पुस्तक देऊन बसवायला लागले. पण सहामाही तोंडावर आली होती. पेपरांत नापास झाली. दिवाळीनंतर गेलीच नाही. तिचा नवरा समोरून आला की मी वाट बदलायचे.

महिनाभरानं ती सूप घेऊन पुन्हा गोलात बसली. त्या साली आणखी दोघी मॅट्रिकला बसणार होत्या. मी पुस्तक उघडून घसा खाकरला, तर तिनं माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि त्यातल्या एकीच्या मांडीवर ठेवलं. "अक्का, आज तुम्ही वाचू नका. तिला वाचू दे. मनात. तिच्या वाटच्या मी वळते."

पुढं त्या दोघी कॉलेजात टिकल्या. नरसव्वा मात्र परत गेली नाही. मी विचारलं की म्हणायची, "मुलींचं होऊ दे."

आता वैरागला आले की तुम्ही म्हणता, घरी आलीस, बोल मोठ्यानं. बोलते. पण घर म्हटलं की मला अंगणातला त्या दिवशीचा अर्धा तास आठवतो. एक पोरगी ओठ घट्ट मिटून वाचतेय, बिडीची पानं कातरल्याचा तेवढा आवाज, आणि माझ्या शेजारी नरसव्वा खाली मान घालून त्या पोरीच्या वाटच्या बिड्या वळतेय. तिथं मी पहिल्यांदा मनापासून वडिलांचं ऐकलं आणि गप्प बसले.