समई कुठं ठेवायची

माझ्या बापानं देवळाच्या पायरीवर नाक घासलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. नाक त्याचं, तोंड माझं.

पायरी जांभ्याची. जांभा दगड खरखरीत, भोकाभोकांचा. एकदा घासलं असतं तरी कातडं सोलवटलं असतं. अण्णा म्हणाले, "तीनदा." बापानं तीनदा घासलं. उठला तेव्हा नाकाच्या शेंड्यावरून रक्त ओठावर आलं होतं आणि तो हात जोडून उभा होता. अख्खी गावकी बघत होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला राग तरी धरता आला असता. सगळे गंभीर होते. काही चुकीचं घडतंय असं एकाच्याही तोंडावर दिसत नव्हतं.

अण्णा म्हणजे आमच्या गावदेवीचे मुख्य मानकरी. पालखी पहिली त्यांच्या दारात, नारळ पहिला त्यांचा, शब्द शेवटचा त्यांचा. आम्ही गुरव. देवीला आंघोळ घालणारे, निर्माल्य काढणारे, कौल लावणारे. देवीच्या सगळ्यात जवळ आम्ही आणि मानाच्या रांगेत सगळ्यात मागे. बौद्धवाडी तर रांगेतच नव्हती. त्यांनी देवळाकडे केव्हाच पाठ केली होती. पण पाणी देवीच्या जमिनीत होतं, म्हणून त्या दिवशी त्या वाडीतले चार लोक गडग्याबाहेर, देवळाच्या दगडी कुंपणापलीकडे, येऊन उभे होते. त्यांत माझ्या वर्गातली प्रज्ञा होती आणि तिचा बाप होता.

प्रश्न पाण्याचा होता. देवरहाटीत, म्हणजे देवीच्या राखलेल्या रानात, बारमाही झरा आहे. तिथून बौद्धवाडीला पाइप न्यायचा. वाडीच्या बायका मार्चपासून कातळ उतरून हंडे वाहायच्या. पाइप देवीच्या जमिनीतून जाणार, मग देवीला विचारायला नको? आमच्याकडे देवीला विचारतात ते असं. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना तगरीच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या. गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. लग्नं, जमिनी, भांडणं, सगळं त्या दोन पाकळ्यांवर.

पाकळ्या मी तोडून आणायचे, आठ-नऊ वर्षांची असल्यापासून. दारात बसून बघायचे. बघून बघून मला एक दिसलं. पाकळी समईच्या बाजूची पडते. ऊब लागते, पाणी वाळतं, पाकळी सुटते. अकरावीला शास्त्र घेतलं होतं, डोकं तापलेलं होतं. घरी पाटा भिंतीला उभा करून मी पाकळ्या लावल्या आणि समई एकदा इकडे, एकदा तिकडे ठेवली. जितक्यांदा लावल्या तितक्यांदा समईनं कौल दिला. आई म्हणाली, "काय खेळ मांडलायस गो?" मी म्हटलं, "अभ्यास."

त्या दिवशी बाप पाकळ्या लावून मागं सरला. अण्णा सहज म्हणाले, "समई जराशी डाव्या अंगाला घे रे. तोंड दिसत नाय देवीचं." बापानं घेतली. गाऱ्हाणं झालं. सगळ्यांचं "व्हय म्हाराजा" झालं. मग गप्प. ती शांतता मला अजून झोपेतून उठवते. एवढी माणसं श्वास धरून बसलेली आणि कुणालाच माहीत नाही की आता काय होणार ते ठरून गेलंय. मला माहीत होतं.

डावी पडली.

मी बोलले. जसं बोलले तसंच सांगते. "समई उजवीकडं ठेवा. मग उजवी पडंल."

अण्णांनी मागे वळून बघितलं. त्यांचा आवाज कधी चढत नाही. "गुरवा," ते म्हणाले, "तुझं पोर देवीच्या म्होरं हुबं ऱ्हावून देवीला खोटी म्हणतंय. काय करूया?"

बापानं आधी माझ्या कानाखाली मारली. मग बाहेर जाऊन पायरीवर वाकला. पाइप राहिला. गडग्याबाहेरची माणसं आवाज न करता निघून गेली. प्रज्ञानं एकदा वळून बघितलं, माझ्याकडे नाही, बापाच्या नाकाकडे.

घरी आल्यावर मी किंचाळले. "बाबा, तुला ठाऊक हुतं?"

तो जखमेवर खोबरेल लावत होता. मग म्हणाला, "अण्णा सांगतात तिथं मी समई ठेवतंय. बाकी मला ठाऊक नाय." आणि थोड्या वेळानं, "पर तू म्हणतंस तसं आसंल, आन देवी नसंल, तर मी इतकी वरसं काय केलं गो? पहाटे उठून कुनाला आंघोळ घातली?"

मी खोबरेल त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि रडत रडत मीच त्याच्या नाकाला लावलं.

देव मी त्याच दिवशी सोडला. लोकांना वाटतं हे फार मोठं काम. खोटं. एका दुपारीत होतं. जड जातात ती पुढची वर्षं. आई गेली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर माझे हात आपोआप जुळत होते आणि मी ते मांड्यांखाली दाबून बसले होते. शेजारी एक बाई पोथी वाचत होती. तिचंही माणूस आतच होतं. तिला रडता रडता कुणाला तरी काही सांगता येत होतं. मी कुणाला सांगणार? मला तिचा हेवा वाटला, उघड सांगते. देव नसला की दोष द्यायलाही कुणी उरत नाही. आणि बापाचा प्रश्न होताच. तो तर आता मलाही लागू होता. मी तरी कुणासाठी उठते पहाटे?

रत्नागिरीत एका लॅबमध्ये मी रक्त तपासते. रोज एसटीनं जाते, येते. माझ्या वरच्या जुबेदा आपा. खुर्ची बाजूला सरकवून त्या दुपारचा नमाज पढतात आणि उठून पुन्हा भिंगाला डोळा लावतात. मी एकदा न राहवून विचारलं, "आपा, हे सगळं खरं वाटतं तुम्हाला?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तू देवावर रागावलीस का माणसांवर, ते आदी ठरव. मंग माज्याशी भांड." मी अजून ठरवतेच आहे. पण तिथं एक गोष्ट मला मिळाली. रक्ताची नळी कुणाच्या हातातून आली ते नळी सांगत नाही. रिपोर्ट आधी ठरवून आम्ही रक्त काढत नाही. वाईट निघालं तरी तेच लिहायचं, चांगलं निघालं तरी तेच, आणि खाली माझी सही. ती सही खरी असावी, एवढ्यासाठी मी पहाटे उठते. लोकांना हे थोडं वाटेल. मला पुरतं.

दोन वर्षांपूर्वी बापाची उजवी बाजू गेली. अर्धांग. गाव म्हणालं, पोरीच्या तोंडाचं बापानं फेडलं. म्हणेना. मी त्याला भरवते, पुसते आणि रोज सकाळी त्याच्या उशाशी ठेवलेल्या देवीच्या लहान टाकावर त्याच्या डाव्या हातानं पाणी घालून घेते. तो मानतो. मी मानत नाही. हात मात्र मी धरते. ह्यावरून आमचं कधी भांडण झालं नाही.

गेल्या बुधवारी अण्णा आमच्या घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा. थकलेत, हातात काठी आहे, आवाज तोच. पडवीत बसले, चहा घेतला. म्हणाले, पाण्याची योजना पुन्हा आलीय, सरकारी मंजुरी आहे, पण वाट देवीच्या जमिनीतनं. "देवीला इचारायला हवं. तुजा चुलतभाव मुंबयसून येत नाय म्हणतो. बाबा हे असे. तू लाव पाकळ्या."

मी म्हटलं, "गाभाऱ्यात बाईमाणूस चालत नाही ना?"

"देवीला इचारलं आमी. उजवा दिलान."

"आणि त्या कौलाच्या पाकळ्या कुणी लावल्या?"

अण्णांनी कपातली साय बोटानं बाजूला केली. माझ्याकडे बघितलं, खूप मायेनं बघितलं, आणि म्हणाले, "तू फकस्त पाकळ्या लाव बाय. समईचं आमी बगून घेव."

त्यांना माहीत होतं. त्या दिवशीही माहीत होतं. मला इतकी वर्षं वाटत होतं की निदान ते मानतात, रागावले ते देवीसाठी रागावले. छे. आमच्या गावात पहिल्यापासून एकच पक्का नास्तिक होता आणि तो मुख्य मानकरी होता. बाकीचे सगळे भाबडे, माझ्या बापासकट. जो मानत होता त्याला नाक घासायला लावलं, त्यानं, जो कधीच मानत नव्हता.

आत खाटेवर बाप जागा होता. मधे नुसता पडदा आहे. मी पडदा सारला तेव्हा त्याचा डावा हात नाकावर होता. त्या जुन्या डागावर.

अण्णा उठता उठता म्हणाले, "सोमवारी सकाळी. ये हां. बाबांचं वय झालं आता. शेवटी चार खांदे गावातलेच लागतात गो." पायरी उतरताना मीच त्यांना हात दिला. सवय, दुसरं काय.

मी अजून हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. तरी गावाला वास लागलाय. गुरुवारी बापाला मालिश करणारा आला नाही. फोन केला तर त्याची बायको म्हणाली, "त्यांना बरं नाय," आणि मागे त्याचाच आवाज येत होता. शुक्रवारी गिरणीत माझा डबा सगळ्यांच्या मागे सरकवला गेला, शेवटी गिरणवाला म्हणाला पट्टा तुटलाय. पट्टा फिरत होता. शनिवारी बेड्यावर, म्हणजे आमच्या फाटकाच्या आडव्या बांबूंवर, हळदकुंकू लावलेलं लिंबू. मी ते उचललं आणि सरबत केलं. शेजारीण कुडामागून बघत होती. तिच्या तोंडावरची भीती बघून मात्र मी अर्धा पेला ओतून दिला, हेही सांगून टाकते.

त्याच दिवशी प्रज्ञा आली. ती आता त्यांच्या वाडीतल्या शाळेत शिकवते. मला वाटलं ती म्हणेल, तू लाव पाकळ्या, समई उजवीकडे घे, पाणी येऊ दे. मी स्वतः तोच विचार करत होते. एवढंसं खोटं आणि एका वाडीला पाणी. काय बिघडतं?

मी तिला तसं बोलून दाखवलं. ती उभीच राहिली, बसली नाही.

"तुज्या उपकाराचं पानी नको आमाला," ती म्हणाली. "आज उजवा पडला म्हनून पानी पियालो, तर उद्या डावा पडला की तोडतील. आमी अर्ज केलाय, वर जाव, कोर्टात जाव. देवीला इचारायचंच कशाला? पानी काय देवीनं आडवलं?"

मला झोंबलं. झोंबायलाच हवं होतं. मी समई उजवीकडे सरकवली असती तर मीही अण्णाच झाले असते, चांगल्या मनाची अण्णा.

आज रविवार. सकाळी बापाचा हात धरून टाकावर पाणी घातलं. तो काहीतरी बोलत होता. त्याची जीभ जड झालीय, मी कान जवळ नेला. दोनदा म्हणाला, तेव्हा कळलं.

"समई नको. तिला लाज वाटंल."

तिला म्हणजे देवीला. एवढं सगळं ऐकून त्याला लाज वाटली ती तिची. त्याची देवी खरी आहे का हे मला सांगता येणार नाही. ज्याच्या मनात अशी लाज आहे, त्यानं पहाटे उठून फुकट काही केलं नाही, एवढं मला कळलं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. मी ते त्याला सांगितलंही. त्याला किती समजलं ठाऊक नाही. त्यानं डोळे मिटून घेतले.

उद्या मी जाणार आहे. तगर दारातच आहे, पाकळ्या मीच तोडीन. गावकी बसली की पाकळ्या लावीन आणि कसलाच प्रश्न विचारणार नाही. गाऱ्हाणं नाही, काही नाही. समई डावीकडे ठेवीन, डावी पडेल. उजवीकडे ठेवीन, उजवी पडेल. न विचारताच. पुन्हा पुन्हा, सगळ्यांना दिसेपर्यंत, किंवा मला ओढून बाहेर काढेपर्यंत. काढतील. आत्ता हे लिहितानाही मला भीती वाटतेय. मग त्या पाइपाचं सांगीन की ते माणसांनी माणसांना विचारायचं आहे, आणि विचारायचंही कशाला, हक्काचं आहे. आणि समईवर हात घालीन. आमच्याकडे दिवा विझवला असं म्हणत नाहीत, शांत केला म्हणतात. मी विझवणार आहे.

त्यानंतर ह्या घराला वाळीत टाकतील. टाकू देत. कायदा आहे, तक्रार मी लिहून ठेवलीय, खाली सही केलीय. बापाचा दिवस येईल तेव्हा एक खांदा माझा असेल. बाकी तीन आले तर आले, नाही आले तर हातगाडी आहे.

पायरीवर नाक घासायला मात्र ह्या घरातून आता कुणी जाणार नाही.