हिराआत्याचा पडदा

हिराआत्या वडखळ नाक्यावर उभी राहिली की मिनीडोर रिक्षावाले एकामागून एक ब्रेक मारायचे. अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आल्यापासून तिला खोडच लागली होती. येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचा.

"बसा मावशी, पेण ना?"

"नाय रं, नुसता राम राम केला. तिथं समदे करतात."

ड्रायव्हर जे बोलायचा ते माझ्याकडे बघून. मी तिची पिशवी हातात धरून, आपण हिला ओळखतच नाही असा चेहरा करायचो.

आत्या आमच्या जिते गावात माझी शेजारीण. उभा जन्म मिठागरात गेलेला, नवरा गेल्यावर एकटीच. मुलगा प्रकाश फोनवर सारखा म्हणायचा, "आई, आता कायमची ये. दिवाळीपर्यंत काय ते सांग." मी परस्पर त्याला सांगून टाकलं, "तिला काय करमतंय तिथे! नाद सोड." मी चौतीस वर्षं भूगोल शिकवलेला, अमेरिका मला पाठ. प्रत्यक्षात रत्नागिरीच्या पुढे गेलेलो नाही, ही गोष्ट वेगळी.

शिवाय प्रकाशच्या तिथल्या गावाचं वर्णन तिनेच केलं होतं. एक रस्ता, एक दुकान, एक चर्च, चारी बाजूंना मका. "दुपारी बाराला भोंगा वाजतो गुरजी. बाकी दिसभर मानूस बोलंल तं शप्पत." शेजारी ऐंशीची एक म्हातारी, डोरा. आत्या तिला डोरीबाय म्हणे. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षर कळत नसे. ओट्यावर बसून दोघी शेंगा सोलत. "सकाली आठपर्यंत माजा पडदा सरला नाय, तं डोरीबाय काठी टेकत दारात हजर. मी पन तिचा पडदा बघायची."

एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात शिरला तो फक्त मका आणि शुकशुकाट. त्यावर मी पेणच्या वाचनालयात भाषण ठोकलं: 'अमेरिकेतील एकटेपणा'. तीन दिवस खपून तयारी केली होती. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. ती दाखवायला संध्याकाळी थेट आत्याकडे गेलो.

आत्या खाटेवर पडलेली. डोळे खोल गेलेले, उशाशी रिकामा तांब्या.

"कधीपासून ताप?"

"तीन दिस झालं."

"मग हाक नाही का मारायची?"

"आवाज कुठं फुटत होता? खिरकी तुमच्या ओट्यासमोरच हाय, गुरजी. तीन दिस बंद व्हती." मग माझ्या खांद्याकडे बघून म्हणाली, "शाल बरी हाय. पांघरा माज्यावर, थंडी वाजते."

पांघरली. डॉक्टरला आणलं. चार दिवसांनी उठून बसल्यावर तिने माझ्याच फोनवरून प्रकाशला सांगितलं, "येते. आनि गुरजी काय बोललं ते इसर."

निघायच्या दिवशी गाडीत बसता बसता ती म्हणाली, "पलीकडल्या गल्लीत सखू एकटीच हाय. तिचं दार सकाली बघत जा." मी लगेच, सखूने कोणकोणती औषधं घरात ठेवावीत ते सांगायला लागलो. आत्याने काच वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखूच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती भाकऱ्या थापत होती.

"काय गुरजी, घरच्या बाईंशी भांडून आलात?"

"नाही गो. सहज."

"सहज?" तिने मला खालून वर न्याहाळलं, पीठ लागलेल्या हाताने पाट सरकवला आणि तव्यावरची भाकरी उलटली. मी बसलो. बाजूला सुपात शेंगा होत्या, त्या सोलायला घेतल्या.

उठलो तेव्हा तव्याकडेच बघत तिने विचारलं, "उद्या पन येनार?"