व्याह्यांचे घोडे मी मारले

नातीचे नाव बुद्धिबळाच्या पटावर ठरवू नये, असे कोणत्याही धर्मग्रंथात सांगितलेले नाही. मी शोधून पाहिले आहे (अर्थात, डाव संपल्यानंतर!).

सूनबाई नीलम सांगलीला माहेरी बाळंत झाली. बारशासाठी मी, सौभाग्यवती आणि चिरंजीव श्रीधर असे तिघे आदल्या दिवशीच साताऱ्याहून तेथे पोहोचलो. जन्मभर संस्कृत शिकवल्यामुळे नातीसाठी मी 'ऋतंभरा' हे नाव योजून ठेवले होते. सत्याला धारण करणारी, ती ऋतंभरा. हे नाव उच्चारताच मला गहिवरून येत असे. आमचे व्याही अण्णासाहेब हळदीचे अडते. त्यांनी योजले होते 'परी'.

"आवं गुरुजी, रुतंबरा म्हंजे लय अवघड! पुरी हाक मारूस्तवर पोरगी शाळंला जाऊन परत येईल की!"

"अण्णासाहेब, 'परी' हा शब्द मुळात फारसी आहे!"

"असू दे की! हळदीला बी कुठनं कुठनं गिऱ्हाईक येतं. मी न्हाई म्हणतो व्हय?"

नीलम पाळण्याची दोरी ओढत म्हणाली, "तुम्ही दोघं काय ते एकदाचं ठरवा. तोवर मी हिला 'ए' म्हणते."

नात या जगात 'ए' या अक्षरावर दिवस काढत आहे, हे मला सहन होईना. आम्हा दोघा व्याह्यांत समान असे एकच होते, ते म्हणजे बुद्धिबळाचे वेड. जो जिंकेल त्याचे नाव, असे ठरले. मी अट घातली की खेळ देशी रीतीनेच व्हावा. या रीतीत प्याद्याने केलेली मात सर्वश्रेष्ठ. आणि समोरचा राजा अगदी एकटा उरला, की डाव 'बुर्जी', म्हणजे बरोबरीत सुटला. ज्याच्या बाजूला कोणीही उरले नाही, त्याच्यावर मात करायची नाही. केवढा उदात्त विचार! त्यावर मी पट मांडता मांडता एक छोटेखानी प्रवचनही केले. अण्णासाहेबांनी ते हात जोडून ऐकले.

मध्यान्हीपर्यंत ईश्वरकृपेने डाव माझ्याकडे झुकला. त्यांच्यापाशी राजा आणि एक घोडा. माझ्यापाशी वजीर, हत्ती आणि दोन प्यादी. प्यादेमात करून नाव मिळवायचे, असा माझा संकल्प होता. तेवढ्यात विहीणबाईंनी पाने वाढली आणि डाव तसाच ठेवून आम्ही उठलो.

जेवणानंतर श्रीधरने मोबाइलवरच्या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रात पटाची मांडणी भरली. तो संगणकाच्याच नोकरीत आहे.

"बाबा, याला विचारू या. याच्यापुढे जगज्जेतेसुद्धा हरतात."

"अण्णासाहेबांच्या संमतीवाचून नाही," मी बजावले.

"इचारा की गुरुजी! त्ये काय माझ्या घोड्याला चारा घालणार हाय?" अण्णासाहेब सुपारी कातरत म्हणाले.

मी प्याद्याची माझी खेळी सांगितली. यंत्राने क्षणार्धात तिच्यावर लाल खूण केली! प्यादे सरकताच घोडा माझ्या राजाला शह देऊन पाठोपाठ वजीर उचलणार होता. मी पटाकडे पाहिले. खरेच की! साठ वर्षे खेळणाऱ्या माझ्या डोळ्यांना जे दिसले नव्हते, ते यंत्राला दिसले होते. मी मनोमन त्याला नमस्कार केला (बोटाचा धक्का लागून एक जाहिरातही उघडली!).

आता या यंत्राचे स्थान कोणते, असा प्रश्न मला पडला. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द या प्रमाणांपैकी हे शब्दप्रमाण ठरते. कारण ज्याला लोभ नाही, राग नाही आणि जे खोटे बोलत नाही, त्याचेच वचन आप्तवाक्य.

"अहो, खेळता आहात की परीक्षेचे पेपर तपासता आहात?" सौभाग्यवतींनी विचारले.

"मग आता काय खेळावे म्हणते ते?" मी श्रीधरला विचारले.

"वजिरानं घोडा मारा. पुढे तीन खेळींत मात. शंभर टक्के!"

आप्तवाक्य मिळाल्यावर शंका घेणे म्हणजे अश्रद्धा. मी इष्टदेवतेचे स्मरण केले, वजीर उचलला आणि घोडा मारला.

अण्णासाहेबांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"बुर्जी!"

"काय?"

"बुर्जी वं! माझा राजा एकटा पडला न्हवं का? गुरुजी, तुमचं प्रवचन आमी मन लावून ऐकलं. तुमी न्हाई ऐकलं वाटतं!"

मी श्रीधरकडे वळलो. "त्याला देशी रीत सांगितली नव्हतीस?"

"बाबा, देशी रीत त्याला ठाऊकच नाही. ते सगळीकडच्या नियमांनी खेळतं."

"मग हे आधी का बोलला नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल!"

यंत्राचे उत्तर निर्दोष होते. फक्त ते ज्या खेळाचे उत्तर होते, तो खेळ आम्ही खेळत नव्हतो. घोड्याची चाल त्याला कळली होती. घोडा का राखायचा, हे मात्र माझ्याखेरीज त्याला कोणी सांगणार नव्हते, आणि मी तर त्यालाच विचारत बसलो होतो.

आता नावाचे काय? अखेर नीलमच म्हणाली, "डाव अर्धा, तर नावही अर्धंच घेऊ. ऋता."

"रुता!" अण्णासाहेबांनी म्हणून पाहिले. "ह्ये बसतंय की तोंडात! गुरुजी, झालं बघा!"

'ऋत' हा शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे त्यापासून 'ऋता' कसे सिद्ध करावे, हे मी दुसऱ्या दिवशी बारशात समजावून सांगू लागलो. पहिले सूत्र पुरे होण्यापूर्वीच सकाळीच आलेल्या आत्याने बाळाच्या कानात नाव सांगून टाकले आणि विहीणबाईंनी घुगऱ्या वाटायला घेतल्या.

तो डाव श्रीधरच्या मोबाइलमध्ये अजून आहे. मन खट्टू झाले, की मी त्याला तो उघडून दाखवायला सांगतो. 'पांढऱ्याचा विजय निश्चित' असे यंत्र आजही ठामपणे म्हणते. दोन्ही घरांत माझी बाजू घेणारे तेवढेच एक आहे, आणि त्यालाही खेळाचे नियम माहीत नाहीत!